वडिलांची रक्षा पंचगंगेत सोडली, आता ते पुनरुत्थानात उठतील का?

प्रश्न, थोडक्यात: पाळकसाहेब, सलाम. माझे वडील, आप्पा, गेल्या पावसाळ्यात गेले. घरात बाप्तिस्मा आप्पांचा आणि माझा, आम्हा दोघांचाच. आई आणि दोन्ही भाऊ पूर्वीच्याच धर्मात आहेत. भावांनी पंचगंगेच्या स्मशानभूमीत अग्नी दिला आणि तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन केलं. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, 'जाळलेलं शरीर उठत नाही.' तेव्हापासून मला झोप नाही. आप्पा आता कुठे आहेत? साखरेमुळे त्यांचा एक पाय गुडघ्याखाली काढला होता, तो परत मिळेल का? मी त्यांना ओळखेन का? नैवेद्याला कावळा शिवला नाही म्हणून आई अजून घाबरलेली आहे. थोरला भाऊ म्हणतो, दोन हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीवर तू कशी विसंबतेस? आणि मला रडू आवरत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर:

ताई, सलाम.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, बाकीचं सावकाश वाचा. आप्पांचं शरीर जळालं, रक्षा पाण्यात गेली, म्हणून त्यांच्या पुनरुत्थानाला कणभरही अडचण येत नाही. तुम्हाला जे सांगितलं गेलं त्याला पवित्र शास्त्रात कुठेही आधार नाही. त्या बाई वाईट हेतूनं बोलल्या नसतील. दफन ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. रीत मोडली की माणसाला भय वाटतं आणि तेच त्यांच्या तोंडून आलं. पण ते भय तुम्ही उशाशी घेऊन झोपायचं काही कारण नाही.

ही शंका फार जुनी आहे. इ.स. १७७ मध्ये, आज फ्रान्समध्ये असलेल्या ल्यों शहरात ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ झाला. मारणाऱ्यांनी हुतात्म्यांची प्रेतं सहा दिवस उघड्यावर टाकली, मग जाळली आणि सगळी राख रोन नदीत लोटून दिली. उद्देश त्यांनी लपवला नाही. हे लोक पुनरुत्थानाच्या आशेवर मरणाला भीत नाहीत, तर ती आशाच संपवून टाकू; बघू आता कसे उठतात ते! हे सगळं तिथल्या मंडळीनं स्वतः पत्रातून कळवलं आणि इतिहासकार युसेबियसनं ते पत्र आपल्या इतिहासात जपलं. आपल्या माणसांना माती देता आली नाही याचं दुःख त्या पत्रात स्पष्ट आहे. ती माणसं आता उठणार नाहीत, अशी भीती मात्र त्यात नाही. ताई, आप्पांची रक्षा नदीत सोडणारे त्यांचे स्वतःचे मुलगे होते, त्यांनी ते प्रेमानं आणि मानानं केलं. ल्योंच्या मंडळीनं वैऱ्यांच्या हातून सोसलेल्या गोष्टीनं जी आशा ढळली नाही, ती मुलांच्या हातून झालेल्या अंत्यविधीनं कशी ढळेल?

आणि पुरलेल्या देहाचं तरी काय होतं? आपल्या दफनभूमीतल्या जुन्या कबरींत आज मातीशिवाय फारसं काही उरलेलं नाही. समुद्रात बुडालेले, लढाईत छिन्नविच्छिन्न झालेले, कोरोनाच्या लाटेत ज्यांना नाइलाजानं अग्नी द्यावा लागला असे कितीतरी विश्वासी लोक आहेत. रोमन कॅथलिक मंडळीनंही १९६३ पासून दहनाला परवानगी दिली आहे. रक्षा उधळू नये, पवित्र जागी ठेवावी, एवढा आग्रह २०१६ च्या सूचनेत तिनं धरला आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर मी दफनाच्याच बाजूचा आहे. प्रभूला कबरेत ठेवलं होतं, आणि देह मानानं मातीत ठेवून वाट पाहणं ही आपल्या आशेची उघड साक्ष आहे. पण साक्ष देण्याची रीत वेगळी आणि उठवणारा देव वेगळा. अब्राहामाच्या विश्वासाबद्दल लिहिताना प्रेषित पौल म्हणतो की तो देव मेलेल्यांना जिवंत करतो आणि जे नाही त्याला ते असल्यासारखं हाक मारतो (रोम ४:१७). ज्यानं काहीच नसताना सृष्टी केली, त्याला आप्पांना उठवायला मूठभर हाडं शिल्लक असण्याची गरज नाही.

आता शरीराबद्दल जरा थांबून बोलू, कारण आपल्यातल्याही पुष्कळांची इथे गल्लत होते. मयतीच्या घरी बसलो की कुणी ना कुणी म्हणतं, आत्मा अमर आहे, शरीर काय आज ना उद्या जायचंच. गीतेतली जुनी वस्त्रं टाकून नवी घेण्याची उपमा महाराष्ट्रात लहान मुलालाही पाठ असते, आणि तिच्यानं अनेकांना धीर येतो हे मी पाहिलं आहे. ख्रिस्ती आशा मात्र वेगळं सांगते. तुम्ही दोन्ही घरांत वाढलेल्या आहात, तेव्हा हा फरक तुमच्या मनात स्वच्छ असायला हवा. आपल्या श्रद्धेत आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जात नाही. शेवटी शरीर सोडून तो कायमचा मोकळाही होत नाही. प्रेषितांच्या मतांगीकारात दर रविवारी आपण शरीराचं पुनरुत्थान म्हणतो. आप्पा म्हणजे त्यांचा आत्मा आणि हा देह म्हणजे त्यावरचं आवरण, असं देव मानत नाही. ज्या हातांनी त्यांनी तुम्हाला शाळेच्या फाटकापर्यंत नेलं, ते हातही आप्पाच होते.

करिंथच्या मंडळीतल्या काहींना हे पटत नव्हतं. ग्रीक शहरातली माणसं. शरीर परत येणं त्यांना गावंढळ वाटत असे. अथेन्समध्ये पौलानं मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचा विषय काढताच काहींनी त्याची थट्टा केली, असं प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात आहेच. कुणी विचारील असं पौल म्हणतो, मेलेले उठतात कसे, आणि कोणत्या शरीरानं येतात? पौलानं उत्तरात पेरणीचा दाखला दिला (१ करिंथ १५:३५-४४). तो गव्हाचं नाव घेतो, आपण शाळू म्हणू. पेरलेला दाणा तसाच्या तसा वर येत नाही. वर येतो तो हिरवा धाट आणि पुढे भरलेलं कणीस. तरी 'हे दुसऱ्याच कशाचं उगवलं' असं कुठला शेतकरी म्हणत नाही. पेरला तोच दाणा, पण रूप असं की दाण्याकडे बघून कुणी ओळखलं नसतं. जे नाशवंत पेरलं जातं ते अविनाशी उठतं, पौल म्हणतो. जे अशक्त पेरलं जातं ते सामर्थ्यात उठतं. त्या शरीराला तो आध्यात्मिक शरीर म्हणतो, पण म्हणून ते धुरासारखं किंवा सावलीसारखं असेल असं समजू नका. लूकच्या २४ व्या अध्यायात शिष्य उठलेल्या येशूला भूत समजून घाबरले, तेव्हा त्यानं त्यांना हातपाय दाखवले, मला चाचपून पाहा म्हणाला, आणि तरी त्यांची खात्री पटेना तेव्हा काही खायला मागितलं. त्यांनी भाजलेल्या माशाचा तुकडा दिला आणि तो त्यानं त्यांच्यासमोर खाल्ला.

म्हणून आप्पांच्या पायाबद्दल मी बिनदिक्कत सांगतो: तो पाय त्यांना मिळेल. फिलिप्पैकरांस पत्रात लिहिलं आहे की ख्रिस्त आपलं हे दीन शरीर बदलून स्वतःच्या गौरवी शरीरासारखं करील (३:२१). जयपूर फूट घालून तोल सांभाळत चालणारे आप्पा तिथे तोल सांभाळत चालणार नाहीत. एक गोष्ट मात्र मला नेहमी विचारात पाडते. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या आणि कुशीत भाल्याच्या खुणा तशाच होत्या. त्या त्यानं थोमा या शिष्याला दाखवल्या. त्या आता दुखत नव्हत्या, पण पुसलेल्याही नव्हत्या. आप्पांनी सोसलं त्यातलं काय त्यांच्यावर राहील आणि काय जाईल, हे देव ठरवील. त्यातलं काहीही त्यांना बोचणार नाही, एवढं मात्र नक्की.

शरीराचं एवढं मोल मानणं पुस्तकातच राहिलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस मिरजेत आले, रुग्णालय उभं केलं आणि या सगळ्या मुलखातल्या आजारी माणसांना त्यांनी नुसता उपदेश केला नाही. शस्त्रक्रिया केल्या, मोतीबिंदू काढले, डॉक्टर घडवले. देह टाकाऊ असता तर एवढा खटाटोप कशाला केला असता? देव ज्याला एक दिवस उठवणार आहे, त्या देहाची आजही मलमपट्टी करावी, हा त्यामागचा विचार.

आप्पा आत्ता कुठे आहेत? याबद्दल शास्त्र थोडं बोलतं आणि मीही थोडंच बोलेन. वधस्तंभावर शेजारच्या गुन्हेगारानं येशूला आपली आठवण ठेवायला सांगितलं, तेव्हा प्रभू म्हणाला, 'तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.' पौलाला इथून निघून ख्रिस्ताजवळ असणं फारच चांगलं वाटत होतं. त्यावरून मी सांगतो की आप्पा प्रभूजवळ आहेत, सुखात आहेत आणि पुनरुत्थानाच्या दिवसाची वाट पाहत आहेत. काही ख्रिस्ती पंथ या मधल्या काळाला गाढ झोप मानतात, कॅथलिक बांधव मृतांसाठी प्रार्थना करतात. या मतभेदांत तुम्ही आत्ता शिरू नका. मुख्य गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे: आप्पा ज्याच्या हातात आहेत त्याच्या हातून कुणी त्यांना हिसकावून घेऊ शकत नाही.

आणि ओळखाल का, म्हणून विचारता. बागेतली मग्दालीया मरीया आठवा. उठलेला येशू समोर उभा होता आणि तिला तो माळी वाटला. त्यानं नुसतं 'मरीये' म्हटलं आणि तिनं ओळखलं. अम्माऊसच्या वाटेवर दोघं शिष्य कितीतरी वेळ त्याच्याबरोबर चालले, पण डोळे उघडले ते त्यानं भाकर मोडली तेव्हा. चेहऱ्यापेक्षाही हाक मारण्याची आणि भाकर मोडण्याची ढब त्यांना पटली. आप्पा तुम्हाला ज्या नावानं हाक मारायचे ते तुम्हाला आठवतं ना? ते नाव विसरलं जाणार नाही.

तुमच्या थोरल्या भावांचा प्रश्न मला मनापासून आवडला. शाहू महाराजांच्या या गावात माणूस कुणाचंही म्हणणं उगाच मान्य करत नाही, आणि तसंच असावं. त्यांना सांगा की हाच प्रश्न पौलानं त्यांच्याआधी विचारला आहे आणि तोही जास्त कडक शब्दांत. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश पोकळ आणि तुमचा विश्वासही पोकळ. मग सगळ्या माणसांत आम्हीच सर्वांत कीव करण्यासारखे. म्हणजे आपला विश्वास नुसत्या उदात्त विचारांवर उभा नाही. तो एका घडलेल्या गोष्टीवर उभा आहे, आणि ती घडली नसेल तर तो सोडून द्यावा असं आपलंच शास्त्र म्हणतं.

मग घडली याला आधार काय? येशूला पंतय पिलाताच्या हुकमानं मृत्युदंड झाला हे ख्रिस्ती नसलेला रोमन इतिहासकार टॅसिटसही लिहितो. पिलात यहूदीयाचा सुभेदार होता इ.स. २६ ते ३६; येशूचा मृत्यू बहुतेक अभ्यासक इ.स. ३० किंवा ३३ मध्ये धरतात. करिंथकरांस पहिलं पत्र लिहिलं गेलं इ.स. ५३ ते ५५ च्या सुमारास. त्या पत्राच्या १५ व्या अध्यायात पौल म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला सांगितलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, पेत्राला दिसला, बारा जणांना दिसला, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधूंना दिसला, आणि त्यांपैकी बहुतेक जण अजून हयात आहेत. शेवटचं वाक्य भावांना मुद्दाम दाखवा. अजून हयात आहेत, म्हणजे जा आणि विचारा. वीस-पंचवीस वर्षांचं अंतर म्हणजे किती? २००५ साली पंचगंगेला महापूर आला होता. तेव्हा पाणी कुठल्या पेठेत कुठवर चढलं, हे आज गावात कुणी खोटं सांगितलं तर लगेच चारजण त्याला दुरुस्त करतील. शिवाय पौल स्वतः मंडळीचा छळ करणारा होता आणि येशूचा भाऊ याकोब येशूच्या हयातीत त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हता. दोघंही बदलले आणि दोघंही या साक्षीपायी मेले. इ.स. ६२ मध्ये याकोबाला धोंडमार करून मारल्याचं यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो.

दुसरी गोष्ट स्त्रियांची. रिकामी कबर पहिल्यांदा स्त्रियांनी पाहिली असं चारही शुभवर्तमानं सांगतात, आणि चौघांतही मग्दालीया मरीयेचं नाव आहे. त्या काळी यहुदी न्यायव्यवहारात बायकांची साक्ष धरत नसत. योसेफसनं तसं लिहून ठेवलं आहे. पुढे दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या विद्वानानं याचीच टिंगल केली, की एका भ्रमिष्ट बाईच्या सांगण्यावर यांचा धर्म उभा. गोष्ट रचायचीच असती तर कुणी अशी साक्षीदार कशाला निवडली असती? पेत्राला किंवा येशूला आपल्या कबरेत ठेवणाऱ्या अरिमथाईकर योसेफाला पुढे केलं असतं. घडलं तसं लिहिलं, म्हणून मरीया तिथे आहे.

तिसरी गोष्ट अशी की शिष्य या गोष्टीची वाट बघत नव्हते. यहुद्यांतल्या परूशी पंथाचे लोक पुनरुत्थान मानत, पण ते युगाच्या शेवटी, सगळ्यांचं एकदम. सदूकी हा दुसरा पंथ तर मानतच नसे. इतिहास चालू असताना मधेच एकटा एक माणूस कायमचा उठेल, आणि तोही खांबावर टांगला गेलेला, म्हणजे नियमशास्त्रानुसार शापित, अशी कल्पना कुणाच्या डोक्यात नव्हती. मनाची नुसती इच्छा म्हणून जे सुचलंच नसतं, तेच त्यांनी यरुशलेमात, ज्या शहरात येशूला मारलं आणि पुरलं त्याच शहरात, उभं राहून सांगितलं.

वधस्तंभावर मेलेल्याला कबर मिळतच नसे, त्यामुळे कबरेची सगळी कथाच बनावट, असाही एक आक्षेप असतो. १९६८ साली यरुशलेमच्या उत्तरेला गिवत हा-मिवतार इथे एक कबर खणताना दगडी अस्थिपेटीत येहोहानान नावाच्या माणसाची हाडं सापडली. त्याच्या टाचेच्या हाडात लोखंडी खिळा तसाच रुतलेला होता. पहिल्या शतकातला वधस्तंभावर मारलेला माणूस, आणि घरच्यांनी रीतसर पुरलेला. तेव्हा तो आक्षेप टिकत नाही.

भाऊ पुढे म्हणतील की शुभवर्तमानांत मेळ नाही. एकात एक देवदूत, दुसऱ्यात दोन, बायकांची नावंही सारखी नाहीत. खरं आहे, आणि ते लपवू नये. मार्कच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत तर स्त्रिया घाबरून पळाल्या इथेच मजकूर संपतो, हेही त्यांना सांगा. पण चार साक्षीदार कोर्टात शब्दाला शब्द जुळवून बोलले तर वकिलाला त्यांचाच संशय येतो. ओझरत्या तपशिलांत फरक आणि मुख्य गोष्टीत एकमत, हे खऱ्या साक्षीचं लक्षण आहे. या सगळ्यातून गणितासारखी सिद्धता मिळत नाही. साक्ष ऐकून माणसाला ठरवावं लागतं, आणि ते ठरवण्यात देवाचा आत्मा मदत करतो असं मी मानतो. भावांवर घाई करू नका.

आईबद्दल. कावळा शिवला नाही म्हणून आप्पांची काही इच्छा मागे राहिली, ते अडकलेत, उपाशी आहेत, हे भय त्यांना आतून खात असेल. त्यांना हसू नका आणि वादही घालू नका. एवढ्या वर्षांचा संसार केलेल्या बाईनं नवऱ्यासाठी पान वाढून वाट पाहिली, हे प्रेम आहे. त्यांच्याजवळ बसून एवढंच सांगा: आई, आप्पा ज्याच्यावर विश्वास ठेवून गेले तो त्यांना उपाशी ठेवणार नाही. आप्पांना तुझ्याकडून आता काही येणं नाही; तू जेव. रक्षाविसर्जनाला तुम्ही गेलात याचं ओझंही मनावर घेऊ नका. घरच्यांबरोबर उभं राहिल्यानं तुम्ही प्रभूला नाकारलेलं नाही.

आणि तुमचं रडू. प्रभू बेथानीत आला तेव्हा मार्थेचा भाऊ लाजर याला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्थेला तो म्हणाला, 'पुनरुत्थान व जीवन मीच आहे. जो माझ्यावर विश्वास ठेवतो तो मेला असला तरी जगेल.' थोड्याच वेळात लाजरला तो बाहेर बोलावणार होता आणि हे त्याला ठाऊक होतं. तरीही कबरेकडे जाताना येशू रडला. ज्याला पुढचं सगळं माहीत होतं तो रडला, तर आपण कोण रडू दाबणारे? आशा नसलेल्या लोकांसारखा शोक करू नका असं पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो. शोकच करू नका असं तो लिहीत नाही. मरण हा शास्त्राच्या लेखी शेवटचा शत्रू आहे. शत्रूनं घरात शिरून आप्पांना नेलं, त्याचं दुःख व्हायलाच हवं. मयताच्या घरी 'रडू नका, प्रभूची इच्छा' असं म्हणणाऱ्यांचं मला नेहमी वाईट वाटतं. रडा, ताई. आणि एक लक्षात ठेवा, लाजर पुढे पुन्हा मेला. आप्पांचं उठणं तसं नसेल. ख्रिस्तासारखं असेल, ज्याच्यावर मरणाची सत्ता पुन्हा चालत नाही.

सार्वकालिक जीवनाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण त्याशिवाय हे उत्तर अर्धं राहील. लोकांना वाटतं, सार्वकालिक जीवन मेल्यावर सुरू होतं. प्रभूनं प्रार्थनेत म्हटलं की एकाच खऱ्या देवाला आणि त्यानं पाठवलेल्या येशू ख्रिस्ताला ओळखणं हेच सार्वकालिक जीवन (योहान १७:३). आणि जो विश्वास ठेवतो तो मरणातून जीवनात येऊन पोचला आहे, असं त्यानं आधीच सांगितलं होतं (योहान ५:२४). पोचला आहे, पुढे कधीतरी पोचेल असं नाही. आप्पांमध्ये बाप्तिस्म्यानंतर जो बदल तुम्ही पाहिला असेल, घरात मवाळ झालेली जीभ, कुणाला तरी दिलेली माफी, ती त्याच जीवनाची सुरुवात होती. मरणानं ती खुडली नाही. आणि ही आशा माणसांपुरतीच नाही. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय म्हणतो की सगळी सृष्टी कण्हत आहे आणि तीही नाशाच्या दास्यातून सुटणार आहे. प्रकटीकरणात नव्या आकाशाबरोबर नवी पृथ्वी आहे. केंदाळानं भरलेली आणि घाण पाण्यानं काळवंडलेली आपली पंचगंगाही देवाच्या लेखी टाकून दिलेली नाही. २०१९ च्या महापुरात चिखली-आंबेवाडीकडच्या लोकांसाठी ज्यांनी भाकरी थापल्या, चिखल उपसला, त्यांचे ते कष्ट वाया गेले नाहीत. पौल पुनरुत्थानाच्या त्या मोठ्या अध्यायाचा शेवट याच वाक्यानं करतो: प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत.

विश्वास न ठेवणाऱ्या आपल्या माणसांचं काय, हा प्रश्न तुमच्या पत्राच्या ओळींमधून मला जाणवला, म्हणून त्याला बगल देत नाही. सगळे मेलेले उठतील आणि न्याय होईल हे प्रभूचे शब्द आहेत (योहान ५:२८-२९). ते सौम्य करण्याचा मला अधिकार नाही. पण न्यायासनावर जो बसणार आहे तोच लाजरच्या कबरेपाशी रडला आणि मारणाऱ्यांसाठी वधस्तंभावरून क्षमा मागत होता. निकाल त्याच्याकडे आहे, माझ्याकडे किंवा त्या बाईंकडे नाही. तुमच्याकडे प्रार्थना आहे, आणि आई-भावांशी प्रेमानं वागणं आहे.

आता करण्यासारख्या दोन गोष्टी. आप्पांच्या वर्षाच्या स्मरण उपासनेला घरच्या सगळ्यांना बोलवा, भावांना पहिल्या बाकावर बसवा, आणि १ करिंथ १५ तुकडे न करता पूर्ण वाचा. वाचन तुम्ही स्वतः केलंत तर उत्तम. रडू आलं तर थांबा, मंडळी थांबेल. देह तिथे नसला तरी दफनभूमीत आप्पांच्या नावाची लहान फरशी बसवायची असेल तर मंडळीच्या समितीकडे अर्ज करा, मी शब्द टाकतो.

आईंना भेटायला मी येत्या आठवड्यात संध्याकाळी येतो. थोरल्या भावांना घरी थांबायला सांगा. त्यांचे प्रश्न एवढ्यात संपले नसतील. चहा घेत बोलू.